हाताला पेलेल तेच रोजचं भांडं

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे सव्वासात वाजलेले. एका शेगडीवर तवा, दुसरीवर आमटी आणि मुलाची शाळेची बस यायची वेळ. आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आमटीचं पातेलं सांडशीत धरून खाली घ्यायला उचललं आणि ते सटकलं. आमटी ओट्यावरून खाली, पातेलं फरशीवर. आईंचा पाय थोडक्यात वाचला. दोन शिंतोडे घोट्यावर उडाले, त्यावर लगेच नळाचं थंड पाणी धरलं, म्हणून फोड आले नाहीत.

फरशी पुसता पुसता मी म्हणून गेले, "आई, तुम्ही आता राहू द्या. मी करत जाईन सगळं."

मनात काळजीच होती. पण त्या दिवसापासून आई स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, आयुष्यभर सांगलीच्या घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक केलेला. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे अण्णा नगरला आल्या, तेव्हा इथली भाषा येत नव्हती, शेजारी ओळखीचे नव्हते. त्यांची स्वतःची अशी जागा या घरात एकच होती, ती म्हणजे गॅसपाशी. तीही मी एका वाक्यात काढून घेतली. त्या हॉलमध्ये बसून राहायच्या, आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हाताला जोर राहिला नाही बघ."

चारेक दिवसांनी समोरच्या मामी आल्या. चेन्नईत शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला मामी म्हणण्याची पद्धत आहे, तशा या आमच्या मामी. झालेला प्रकार मी सांगितला. मामींनी काही न बोलता ते पातेलं मांडणीवरून काढलं, एका हातात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "रोंब वेट्! रोज हेच?"

रोंब म्हणजे फार. मी ते पातेलं वजनकाट्यावर ठेवलं. रिकामं पातेलं एक किलो सहाशे ग्रॅम! त्यात चौघांची आमटी सव्वा लिटर धरली, तर पावणेतीन किलोच्या पुढे. हे पातेलं हौसेने निवडून आणलं होतं मी. जाड बुडाचं, पाच लिटरचं, पाहुणे आले तरी पुरेल असं. पाहुणे महिन्यातून एकदा येतात, आमटी मात्र रोज होते. दोष आईंच्या हातापेक्षा माझ्या निवडीचा जास्त होता.

म्हणून आजचा विषय रोजच्या भांड्यांचा. नवा संसार मांडणाऱ्यांसाठी तर आहेच, पण ज्यांचं स्वयंपाकघर आधीच भरलेलं आहे त्यांच्यासाठी जास्त.

जड ते चांगलं?

आपल्याकडे भांडी वजनावर घ्यायची सवय आहे. पितळ, तांबं, स्टील, सगळं काट्यावर. जुनी भांडी मोडीत घालून नवी घेतानाही किलोचाच हिशेब. त्यामुळे "चांगलं दणकट आहे, जड आहे" ही भांड्याची सगळ्यात मोठी स्तुती. दुकानात आपण भांडं वाजवून बघतो, उचलून बघतो आणि जड लागलं की खूश होतो. पण दुकानात ते रिकामं असतं, थंड असतं आणि आपण ते दोन्ही हातांनी अंगाजवळ धरलेलं असतं. घरी ते भरलेलं असतं, तापलेलं असतं आणि सांडशीने एका बाजूला धरून अंगापासून लांब उचलायचं असतं. फरक इथेच पडतो.

भरलेली बादली अंगालगत धरून चाला आणि मग हात लांब करून धरून बघा. वजन तेच, पण मनगटावरचा ताण कितीतरी वाढतो. पातेल्याला एका काठाला सांडशी लावून उचलतो तेव्हा नेमकं हेच होतं. त्यात सांडशीचा खिळा सैल झाला असेल, किंवा पातेल्याला बाहेर वळवलेला काठच नसेल, तर पकड कशी बसणार? आमच्या त्या पातेल्याचा काठ सरळ कापलेला होता. दिसायला सुरेख, पण सांडशीला धरायला काहीच नाही. आईंची सांगलीची जुनी पातेली बघा, प्रत्येकाला जाड, वळवलेला काठ आहे. तो शोभेसाठी नव्हता.

याचा अर्थ पातळ भांडी घ्यावीत असा नाही. स्टील उष्णता फार हळू पसरवतं. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरा पट चांगलं, तांबं त्याहूनही चांगलं. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वरचा भाग तेवढा तापतो आणि पिठलं, खीर, मसालेभात बुडाला लागतो. बूड जाड हवंच. पण बूड जाड हवं म्हणजे भांडं मोठं हवं असं नाही. दोन लिटरचं जाड बुडाचं, दोन्ही बाजूंना कान असलेलं पातेलं चौघांच्या आमटीला पुरतं. ट्रायप्लाय म्हणून जी भांडी मिळतात त्यांत दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. उष्णता पसरवायचं काम तो थर करतो, आणि अन्नाला लागतं फक्त स्टील. किंमत जास्त आहे, म्हणून एकच घ्या, पण रोज लागणाऱ्या मापाचं घ्या.

काटा घेऊन बसलो

त्या रविवारी आम्ही स्वयंपाकघर रिकामं केलं. आईंना मुद्दाम बोलावलं नाही. वजनकाटा हॉलमध्ये त्यांच्यासमोरच्या टेबलावर मांडला आणि मुलाला एकेक भांडं आणायला सांगितलं. दहा मिनिटांत त्याच म्हणायला लागल्या, "ते इकडे नाही, तिकडे ठेव."

तीन ढीग केले. रोज लागतं ते, आठवड्यातून लागतं ते आणि वर्षातून लागतं ते. वर्षातल्या ढिगात पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, मोठी पितळी परात. ही टाकायची नाहीत, पण त्यांची जागा माळ्यावर. आठवड्याच्या ढिगात इडलीपात्र, आप्पेपात्र, मोठा कुकर, मोठी कढई. आणि रोजच्या ढिगात किती निघावीत? मोजून चौदा. बाकीची पन्नासेक भांडी या चौदांच्या वाटेत उभी होती. रोजचं पातेलं काढायला त्याच्यावरची तीन उचलावी लागत होती, आणि तीही वरच्या फळीवरून.

मग प्रत्येक रोजच्या भांड्याला तीन प्रश्न विचारले. भरल्यावर हे घरातल्या सगळ्यात अशक्त हाताला उचलता येतं का? धरायला पक्की जागा आहे का? आणि यात जे शिजतं ते या धातूला चालतं का? पहिल्या दोन प्रश्नांत सहा भांडी नापास झाली. त्यांत माझा लाडका दहा इंची बिडाचा तवाही होता, रिकामाच दोन किलोच्या वर. तो आता धिरडी-घावनांसाठी ठेवला, माझ्या हाताने वापरायला. रोजच्या पोळीला हलका लोखंडी तवा आला, लांब दांड्याचा.

कशात काय शिजवावं

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं आपल्या आज्यांना तोंडपाठ होती. पितळेच्या भांड्यातलं ताक कळकतं, हे लहानपणी ऐकलं नाही असं मराठी घर नसेल. तांब्या-पितळेला आंबट पदार्थ लागला की धातू अन्नात उतरतो, म्हणून आतून कल्हई हवी. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो झिजून आतला पिवळा रंग दिसायला लागला की ते भांडं शिजवायला बाद, पुन्हा कल्हई होईपर्यंत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही हेच आहे. चटणी, सांबारासारखे आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यांत साठवून ठेवू नयेत.

हा सल्ला इथे चेन्नईत फार कामाचा आहे. सांबार, रस्सम, पुळियोदरै, सगळ्यांत चिंच. आपल्याकडेही चिंच-गुळाची आमटी, आमसुलाचं सार, कढी, टोमॅटोचं सार रोजचंच. तेव्हा नियम सोपा करून टाका. आंबट पदार्थ स्टीलमध्ये. डाळ अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये शिजवायला हरकत नाही, पण चिंच घालून फोडणी द्यायची ती स्टीलच्या पातेल्यात, आणि उरलेली आमटी कुकरमध्ये तशीच ठेवायची नाही.

लोखंडी कढई भाजीला उत्तम. थोडं लोह अन्नात उतरतं, ते फायद्याचंच. पण आंबट घातलं की भाजी काळी पडते आणि चव बदलते. चेन्नईच्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडाला एका रात्रीत गंज धरतो. घासल्यावर कढई निथळत ठेवू नका. गॅसवर मिनिटभर कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा.

नॉनस्टिक वापरायचंच असेल तर एक लक्षात ठेवा. त्याचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर तिथे पोचायला काही मिनिटंच लागतात. म्हणून तो रिकामा तापवायचा नाही, आच मध्यम ठेवायची, उलथणं लाकडी वापरायचं, आणि ओरखडे दिसले की मोह न ठेवता काढून टाकायचा.

स्टील घेताना बुडावर ३०४ किंवा १८/८ असा आकडा दिसतो का बघा. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल असा त्याचा अर्थ. २०२ नावाचं स्टील स्वस्त असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे मीठ-आंबटाला ते लवकर डागाळतं. घरोघरी लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, पण ती अर्धवट आहे. ३०४ लाही साधारणपणे चुंबक चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही. त्यामुळे चुंबकावरून दोन्हींतला फरक कळत नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीवर चालायचं तर भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटायलाच हवा.

मामींचा चोंबू

धातूंबद्दल बोलतोय तर मामींच्या चोंबूची गोष्ट सांगायलाच हवी. तमिळ घरांत रस्सम करायला एक खास भांडं असतं, ईय्य चोंबू. चंदेरी, जरा मऊसर, आपल्या तांब्यासारख्या घाटाचं. ते कथलाचं असतं. कल्हईचा जो थर आपण आतून लावतो, तो इथे अख्खं भांडंच. रस्समला त्याने वेगळीच चव येते, असं तमिळ बायका छातीठोक सांगतात आणि मामींच्या घरी जेवल्यावर मलाही ते पटतं.

हे भांडं मामी आईंना दाखवायला घेऊन आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मामी तमिळमध्ये बोलतात, आई मराठीत, आणि दोघींचं व्यवस्थित चालतं. मामींनी आधी चोंबूत पाणी ओतून दाखवलं, मग तो गॅसवर ठेवला. मग रिकामा चोंबू हातात धरून गॅसकडे बोट दाखवलं आणि जोरात मान हलवली. कथील २३२ अंशांना वितळतं. पाण्याचं तापमान शंभरावर जात नाही, म्हणून आत रस असेपर्यंत भांडं सुरक्षित. रिकामं ठेवलं की बुडाला भोक. डाळीची फोडणीही त्यात करायची नाही, ती वेगळ्या पळीत करून वरून ओतायची.

एक सावधगिरी मात्र आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी बाळगायलाच हवी. तमिळमध्ये ईयम हा शब्द दोन धातूंना लागतो. वेळ्ळीयम म्हणजे पांढरं ईयम, ते कथील. कारीयम म्हणजे काळं ईयम, ते शिसं. शिसं विषारी, विशेषतः लहान मुलांना. स्वस्त चोंबूत शिशाची भेसळ असू शकते आणि नुसत्या डोळ्यांना ती कळत नाही. तेव्हा असं भांडं घ्यायचं तर खात्रीच्या दुकानातून, शुद्धतेची लेखी हमी घेऊन. नाहीतर रस्सम स्टीलच्या पातेल्यातही छान होतं.

मऊ दगडाची कल्चट्टीही इथली खासियत. आंबट पदार्थाला उत्तम, आणि गॅस बंद केल्यावरही बराच वेळ खदखदत राहते. पण ती नवीन असताना तेल-हळद लावून, भाताची पेज भरून काही दिवस मुरवावी लागते, एकदम मोठ्या आचेवर ठेवली तर तडकते, आणि जड तर इतकी की आमच्या पहिल्या प्रश्नातच नापास. मोह झाला होता, आवरला.

कुकर निवडताना

आमच्याकडे पाच लिटरचा कुकर होता. आपल्या मराठी पद्धतीप्रमाणे खाली पाणी, वर डाळीचा डबा, त्यावर भाताचा. शिट्ट्या झाल्या की अख्खा कुकर उचलून सिंकमध्ये न्यायची आईंची सवय. तीन-चार जणांच्या घराला दोन डबे बसणारा तीन लिटरचा उभा कुकर पुरतो. दुकानात जाताना घरचे डबे पिशवीत घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. लाजू नका, चेन्नईतले दुकानदार याला सरावलेले आहेत. टीटीके समूहाची सुरुवातच १९२८ मध्ये या शहरात झाली, तेव्हा कुकरबद्दल इथल्या प्रत्येक विक्रेत्याचं स्वतःचं मत असतं!

आतून लागणारं झाकण की बाहेरून? आतून लागणारं झाकण वाफ कोंडलेली असताना उघडत नाही, ही मोठी सोय. पण ते तिरकं करून आत घालायला बोटांची हालचाल लागते. बाहेरून फिरवून लावायच्या झाकणाला मनगटाचा जोर लागतो. कुठलं बरं हे जो वापरणार त्याच्या हातालाच विचारा. दुकानात पाच वेळा लावून-काढून बघा. आईंना आतलं सोपं गेलं, माझ्या मुलाला बाहेरचं. शेवटी आतलंच घेतलं, कारण वाफेची भीती मला जास्त होती.

घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचं आहे. त्याच्या मानकाचा क्रमांक आयएस २३४७. चिन्ह नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कुकरच्या आत सर्वसाधारणपणे १२० अंशांच्या आसपास तापलेली वाफ असते, तिथे काटकसर नको. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांनाही हे चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला आहे. तेव्हा यापुढे भांडं उलटं करून बुडाकडे बघायची सवय लावून घेतलेली बरी.

रबरी रिंग कडक झाली, तडे गेले की लगेच बदला. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. डाळी-तांदळासारखे फुगणारे पदार्थ थेट कुकरमध्ये लावले तर निम्माच. इथल्या बोअरच्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो आणि शिट्टीची नळी अरुंद होते. पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची साल टाकत गेलं की थर कमी धरतो, आणि नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघायचं.

जे कोपऱ्यावर मिळतं ते घरात कशाला?

इथे आलेल्या प्रत्येक मराठी बाईला पहिल्या वर्षी एक स्वप्न पडतं, वेट ग्राइंडर घ्यायचं. कोईमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, इतका तो या राज्याचा अभिमान. त्यातले दगड सावकाश फिरतात, पीठ मिक्सरइतकं तापत नाही, इडली हलकी होते. सगळं खरं. पण ओट्यावर ठेवायचा ग्राइंडरही दहा किलोच्या पुढे जातो, धुवायला दोन दगड उचलावे लागतात, आणि अण्णा नगरमध्ये कुठल्याही रस्त्यावर ताजं इडलीचं पीठ मिळतं. आम्ही महिन्यातून दोनदा इडली करतो. आमच्यासाठी कोपऱ्यावरचं दुकान हाच आमचा ग्राइंडर. तुमच्याकडे आठवड्यातून चार दिवस डोसे होत असतील तर मात्र खुशाल घ्या.

उलटही तितकंच खरं. इथे काही गोष्टी आपल्या मापाच्या मिळत नाहीत. इथला पोळपाट बहुतेक ठिकाणी छोट्या चपातीचा असतो. घडीची पोळी लाटायला दहा इंची, तीन पायांचा, न डुगडुगणारा पोळपाट हवा. पुरणयंत्र, लाकडी रवी, पातळ लांब लाटणं या गोष्टी गावाकडून येतानाच आणाव्यात. पुण्याच्या तुळशीबागेत एक फेरी मारली की काम होतं. लाकूड मात्र या दमट हवेत जपावं लागतं. पोळपाट धुऊन आडवा ठेवला की खालून बुरशी धरते, उभा करून वाळवा.

बाकी तमिळ आणि मराठी स्वयंपाकघरात अनोळखी असं फार थोडं आहे. आपली विळी ती अरुवामनै, पाटा-वरवंटा तो अम्मी, आप्पेपात्र ते पणियारक्कल, चकलीचा सोऱ्या तो मुरुक्कु अच्चु आणि सांडशी ती इडुक्की. ही पाच नावं पाठ असली की टी. नगरच्या गर्दीतल्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात तुमचं अडत नाही.

पहिला संसार, एवढंच घ्या

गेल्याच आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. तिची बदली चेन्नईला झालीय, नवरा-बायको दोघं नोकरीवर. "मावशी, बासष्ट भांड्यांचा सेट चांगल्या किमतीत मिळतोय, घेऊ?" मी म्हटलं, नको. सेटमध्ये दुकानदाराला खपवायची असलेली भांडी असतात. तिला जी यादी दिली तीच तुम्हाला देते, दोघांच्या घरासाठी:

तीन लिटरचा कुकर, दोन डब्यांसह. दीड आणि अडीच लिटरची दोन पातेली, जाड बुडाची, काठ वळवलेली किंवा दोन कानांची, झाकणांसकट. एक मध्यम कढई. एक हलका लोखंडी तवा. दुधाचं वेगळं पातेलं. पोळपाट-लाटणं, छोटी परात, चिमटा. घट्ट पकडीची सांडशी, आणि हिच्यात एक पैशाचीही काटकसर नको. फोडणीची छोटी पळी, बूड सपाट असलेली, म्हणजे शेगडीवर कलंडत नाही. एक डाव, एक झारा, एक लाकडी उलथणं. एक चांगली सुरी, एक छोटी दातेरी सुरी टोमॅटोसाठी, एक पाट भाजी चिरायला. मासे-मटण होत असेल तर त्याचा पाट वेगळा. किसणी, चाळणी, गाळणी, मिसळणाचा डबा. मिक्सर तीन भांड्यांचा, त्यात चटणीचं छोटं भांडं हवंच.

बस्स. तीन महिने यावर काढा. ज्या दिवशी तिसऱ्यांदा वाटेल की अमुक एक हवं होतं, त्या दिवशी ते आणा. आणि खरेदीला दोघंही जा. कारण भांडी एकाच्याच हाताच्या मापाने घेतली की स्वयंपाकही आपोआप त्या एकाचाच होऊन बसतो.

हे मी भाचीला सांगितलं खरं, पण शिकले आईंकडून. आमच्याकडे छोटा कुकर खालच्या फळीवर आल्यापासून संध्याकाळचा कुकर माझा मुलगा लावतो. त्याला आधी कधी सांगितलंच नव्हतं असं नाही. पण वरच्या फळीवरचा तो अवजड कुकर काढायचा म्हणजे मला हाक मारावी लागायची, आणि मग मीच लावून टाकायचे. नवराही आता दूध तापवण्यापलीकडे गेलाय, पोहे करतो. घरातल्या सगळ्यात अशक्त हाताला जे पेलतं, ते सगळ्यांनाच पेलतं.

आईंचं पातेलं

नवं पातेलं घ्यायला आम्ही तिघी गेलो, आई, मामी आणि मी. मी फक्त पिशवी धरली. आईंनी दुकानातल्या मुलाला खुणेने पाणी मागितलं, पातेलं अर्धं भरलं, तिथलीच सांडशी लावून उचललं. एक, दोन, पाचवं पसंत पडलं. दोन लिटरचं, काठ वळवलेलं, रिकामं सातशे ग्रॅम. मी एक जरा मोठं पुढे केलं तर म्हणाल्या, "तुला हवं तर तू घे. मला हे पुरे."

पैसे दिल्यावर दुकानदाराने नाव घालायचं का विचारलं. आमच्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव आहे, मराठीत. आई क्षणभर थांबल्या आणि स्वतःचं नाव सांगितलं. मामींनी ते कसं लिहायचं ते त्या मुलाला समजावलं, आणि त्याने यंत्राने टकटक करत तमिळ अक्षरांत कोरून दिलं. आईंना ती अक्षरं वाचता येत नाहीत. पण मांडणीवर सात पातेली असली तरी त्या बरोबर तेच काढतात.

आता सकाळची आमटी पुन्हा त्यांची आहे. रोज नाही. गुडघे दुखत असले की म्हणतात, "आज तू कर." मी करते. पण हे त्यांनी ठरवायचं, मी नाही.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. तुमचं रोजचं आमटीचं किंवा दुधाचं भांडं नेहमीइतकं गार पाण्याने भरा, सांडशी लावा, आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा उचलायला सांगा. आजीला, दहा वर्षांच्या लेकीला, आणि हो, घरातल्या पुरुषांनाही. कुणाचा हात थरथरला, तर त्याला "राहू दे" म्हणू नका. भांडं बदला.